उजव्या खुर्चीतला पायलट

१

तळं आटत आटत पार तळाला गेलं, आणि एका सकाळी चिखलातून विमानाचं शेपूट वर आलं. मासे धरणाऱ्या एकाला ते आधी दिसलं. त्याने काठावर येऊन आरडाओरडा केला. दुपारपर्यंत क्रेनने ते चार खुर्च्यांचं छोटं विमान ओढून बंद पडलेल्या धावपट्टीच्या टोकाशी आणून ठेवलं होतं. सगळं गाळाने माखलेलं, पंख वाकलेले, काचा फुटलेल्या. आत पायलट होता. म्हणजे त्याचं जे काय उरलं होतं ते खुर्चीला पट्ट्याने बांधलेलं होतं, आणि कवटीवर हेडफोनची कमान तशीच होती.

इन्स्पेक्टरबाईंनी नोकरीत बरंच काही बघितलं होतं, पण त्या कमानीकडे त्यांना बघवेना. त्यांनी मान वळवून हवालदाराला विचारलं, "हाच का तो पळालेला पायलट?"

"हाच, मॅडम. आम्ही सगळे समजत होतो की कुठेतरी परदेशात मजा मारतोय."

हवालदार इथलाच होता. कुणाच्या घरात काय शिजतं हे त्याला बसल्या जागी कळायचं. त्याने मागची हकिगत सांगितली. वर टेकाडावर तळ्याकाठचं रिसॉर्ट होतं. रस्ता धड नव्हता, म्हणून मालकांनी स्वतःची धावपट्टी बांधली आणि विमान घेतलं. त्यातून बडे पाहुणे यायचे. धावपट्टीवर एक राखणदार होता, तिथल्याच खोलीत बायकोसोबत राहायचा. पट्टीवर आलेली गुरं हाकणं हे नवराबायकोचं काम. एके दुपारी विमान उतरताना बायको पट्टीवर होती. विमानाखाली सापडली आणि जागीच गेली. त्याच संध्याकाळी विमानही गेलं आणि पायलटही. घाबरून पळाला, असं सगळे म्हणाले.

"मालकांनी मग पट्टी बंदच केली, मॅडम. त्या दोन पिवळ्या फुल्या दिसतात ना, इथे उतरू नका अशी ती वैमानिकांना खूण असते. राखणदाराला खोली दिली, जन्मभराचा शिधा दिला. एवढा मनाचा माणूस आताच्या काळात मिळायचा नाही."

तेवढ्यात डॉक्टर विमानातून बाहेर आले. हातमोजे काढत म्हणाले, "बाई, विमान आपटून मेला असता तर कपाळ फुटलं असतं. याची कवटी मागून फुटलीय. कुणीतरी जड वस्तूने घातलाय घाव. आधी मेला, मग तळ्यात गेला."

जमलेल्या माणसांतून एक म्हातारा पुढे आला. अंगात कुणाचा तरी जुना लांब कोट, हातात गुरं हाकायची काठी. कुणी अडवायच्या आत तो विमानापाशी गेला, आत वाकला आणि त्या हाडांवर थुंकला.

हवालदाराने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "अरे, डोकं फिरलं का तुझं?"

"लिहून घ्या," राखणदार म्हणाला. "मी मारला त्याला."

२

"कबुली आहे ना? मग अडलंय कुठे?" वरचे साहेब फोनवर म्हणाले. "उद्या कोर्टात उभा करा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, कशाने मारलं विचारलं तर तो आधी काठी म्हणाला, मग दगड म्हणाला. विमान तळ्यात कसं ढकललं ते त्याला सांगता येत नाही."

"म्हातारा आहे. विसरला असेल."

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको, एवढंच म्हणते मी."

"उद्या सकाळी," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बाई मनातून चरफडल्या. त्या जीप घेऊन निघाल्या ते थेट शहरातल्या एका लॉन्ड्रीत. पायलटची बायको तिथे इस्त्रीचं काम करत होती. मागच्या खोलीत वाफेने जीव घुसमटत होता. तारेवर हॉटेलच्या चादरी टांगलेल्या, टेबलावर शर्टांची चवड. बाईंनी बातमी सांगितली तेव्हा तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, आणि मग स्टुलावर बसली.

"म्हणजे ते पळाले नव्हते?"

"नाही. त्याच दिवशी गेले ते. कुणीतरी मारलं."

तिने चवडीतला वरचा शर्ट सारखा केला. मग म्हणाली, "गल्लीत मला 'पळपुट्याची बायको' म्हणतात. मलाही ते खरंच वाटायचं. रोज शिव्या घालायचे मी त्यांना. सकाळी उठले की पहिली शिवी त्यांना."

बाईंनी विचारलं, "ते दिसायला कसे होते? ओळख पटवायला लागेल."

"बुटके. माझ्या कानाएवढे. लोक हसायचे." ती स्वतःही किंचित हसली. "आणि हात वेगवेगळे. उजवा हात उन्हाने रापून काळाकुट्ट, डावा गोरा. मी म्हणायचे, दुसऱ्याचा हात लावून आलात की काय?"

बाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. जीपच्या खिडकीतल्या उन्हाने त्यांचाही उजवा हात तसाच रापलेला होता. ड्रायव्हरच्या जातीचं लक्षणच ते. "गाडी फार चालवायचे वाटतं?"

"कसली गाडी! सायकलवर जायचे. बस घाटात शिरली की यांना ओकारी. आकाशात उडणारा माणूस, आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसमध्ये बसायचा."

दोघीही हसल्या. मग तिचं हसणं मधेच तुटलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हातांचं बोलणं त्यांच्या डोक्यातून त्या वेळी निघून गेलं.

३

त्या काळी विमानाची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीचं आता हमरस्त्याला मोठं गॅरेज होतं. हवालदाराने त्याला धावपट्टीवर आणलं. विमान बघताच त्याने टोपी काढली. मग आत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय झालं, मिस्त्री?"

"मॅडम, हा उजव्या खुर्चीत बसलाय."

"मग?"

"विमानात पायलट डावीकडे बसतो. गाडीच्या उलट. एकटा उडवणारा माणूस उजवीकडे कशाला बसेल?"

हवालदाराने मांडीवर थाप मारली. "म्हणजे ज्याने बसवला त्याला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं! गाडीसारखं उजवीकडे बसवून मोकळा झाला. मॅडम, राखणदारच. जन्मात विमानात बसला नाही तो."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला, असं बाईंना वाटलं.

त्यांनी डावी खुर्ची निरखून बघितली. उजवी खुर्ची पुढे ओढलेली होती, बुटक्या माणसाचे पाय पोचतील अशी. डावी मात्र पार मागे सारलेली, आणि तिथेच गंजून अडकलेली. "ही एवढी मागे का?"

"असेल कुणीतरी सारलेली," मिस्त्री म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

डाव्या खुर्चीसमोरच्या सुकाणूच्या चाकाच्या दांड्यात आरपार एक वाकडी सळई घातलेली होती. तिला पत्र्याची चकती होती. बाईंनी ती बोटाने हलवून बघितली.

"ही काय भानगड आहे?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "खिळी. विमान उभं केलं की लावतात, वाऱ्याने पंखांच्या झडपा आपटू नयेत म्हणून. ती लावली की हे सुकाणूचं चाक हलत नाही."

"आणि ती लावून विमान उडतं?"

"नाही, मॅडम." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "हे विमान उडालंच नाही त्या दिवशी. ढकललंय कुणीतरी. इथून पुढे उतारच आहे तळ्यापर्यंत, जीपचा एक धक्का पुरे."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"मी व्हॅनमधून राखणदाराला आणि त्याच्या बायकोचं प्रेत शहरात नेलं. आम्ही गेलो तेव्हा विमान तिकडे शेडजवळ उभं होतं, आणि पायलट खाली, विमानाच्या चाकापाशी डोकं धरून बसला होता. परत आलो तोवर अंधारून आलं होतं. राखणदाराला फाटकात सोडला आणि मी घरी गेलो."

"आणि इथे कोण होतं?"

"पायलट," मिस्त्री म्हणाला. "आणि मालक."

४

रिसॉर्ट बंद पडलं होतं, पण मालक अजून तिथेच राहायचे. जेवणाच्या मोठ्या दालनात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, आणि खिडकीजवळचं एकच टेबल मांडलेलं होतं. मालक दारातून येताना सवयीने मान वाकवून आले. ताडमाड उंच माणूस. वयाने पाठ वाकली होती, तरी चौकट डोक्याला लागेल इतके उंच.

"बिचारा," ते म्हणाले. "मी त्याला दोष देत नाही. डोळ्यांदेखत बायको गेली त्याची. मी वकील देईन, चांगला. खर्चाची काळजी नको."

"त्या दिवशी विमानात तुम्ही होता?"

"मागच्या खुर्चीवर. पेपर वाचत होतो. धक्का बसला तेव्हा मान वर केली." त्यांनी डोळे मिटले. "ते मला विसरता येत नाही."

"आणि नंतर?"

"मी फोन करायला वर आलो. पायलटला म्हटलं, थांब इथेच. सकाळी बघतो तर विमान नाही."

बोलणं साधं, सरळ होतं. बाईंना त्यात बोट ठेवायला जागा दिसेना. बाहेर पडताना त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. मालक तरुण होते, काळा गॉगल, विमानाच्या पंखाला टेकून उभे. शेजारी बुटका पायलट त्यांच्या काखेत मावेल असा.

ठाण्यात परतल्यावर त्यांनी चहाचे दोन कप कोठडीत नेले आणि राखणदारासमोर फरशीवरच बसकण मारली.

"काका, खिळी माहितीय तुम्हाला?"

"न माहीत असायला काय झालं? विमान आलं की संध्याकाळी मीच लावायचो. सकाळी मालक यायच्या आधी मीच काढायचो."

"मग पायलटला मारून विमान तळ्यात ढकललंत, तेव्हा खिळी का काढली नाहीत? पळून जाताना बुडाला असं दाखवायचं होतं ना?"

राखणदार कपाकडे बघत राहिला.

"काका, तुम्ही नाही मारलं."

"मारायला पाहिजे होतं!" तो एकदम ओरडला. कप हिंदकळला. "मी काय केलं त्या दिवशी? तिला शहरात ठेवून आलो आणि खोलीत भिंतीला टेकून बसलो. तो तिथे पन्नास पावलांवर असेल, पळायची तयारी करत असेल, आणि मी उठलो नाही. विमान गेल्याचा आवाजसुद्धा कानावर आला नाही. इतकी वर्षं लाज वाटतेय. आज वाटलं, निदान नावावर तरी लागू दे."

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"त्याच्यावर एवढा राग का? अपघातच होता ना?"

"अपघात कसला? उतरायच्या आधी खालून एक फेरी घालायची, ही रीत होती त्याची. कधी चुकला नाही. आवाज आला की आम्ही दोघं धावायचो, गुरं हाकायचो, मग विमान वळून उतरायचं. त्या दिवशी फेरी घातलीच नाही. सरळ आलं. ती बेसावध होती." त्याने बाहीने नाक पुसलं. "एक फेरी, बाईसाहेब. तेवढ्यासाठी गेली माझी."

"विमानात कोण कुठे बसायचं?"

"मालक डावीकडे, पायलट उजवीकडे. नेहमीचंच."

बाईंचा कप ओठांपाशी थांबला. "मालक पुढे बसायचे? मागे नाही?"

"मागे पाहुणे. मालक पुढे, डावीकडे. मालकाला चांगली जागा नको का? तिथून तळं छान दिसत असेल."

बाईंनी कप खाली ठेवला आणि आपला रापलेला उजवा हात उलटासुलटा करून बघितला. मग उठून दारातूनच हवालदाराला हाक मारली. "उद्या कोर्ट नंतर. आधी सगळ्यांना धावपट्टीवर बोलवा."

५

सकाळी धावपट्टीवर ऊन चांगलंच चढलं होतं. फटींतून गवत उगवलेलं, आणि त्यावर कुणाची तरी गुरं निवांत बसलेली. विमानाजवळ मालक, मिस्त्री, राखणदार आणि पायलटची बायको उभी होती. हाडं पांढऱ्या कापडात बांधून व्हॅनमध्ये ठेवली होती.

बाईंनी खिळी तळहातावर घेऊन मालकांपुढे धरली. "ही ओळखता?"

मालकांनी चष्मा वर केला. "इंजिनातला तुकडा असेल एखादा."

राखणदाराने चमकून बघितलं. "मालक, खिळी ती! रोज लावायचो की." मग स्वतःच म्हणाला, "हां, तुम्ही तोवर वर निघून गेलेले असायचा."

"तेच," बाई म्हणाल्या. "मिस्त्रीने मारलं असतं, तर त्याने पायलटला डावीकडे बसवून खिळी काढली असती. या काकांनी मारलं असतं, तरी खिळी काढली असती, रोजचं काम होतं त्यांचं. त्या दिवशी काका बायकोपाशी होते, म्हणून पायलटने स्वतःच खिळी लावली. ज्याने विमान ढकललं त्याला तिची गंधवार्ता नव्हती. विमानात रोज बसणारा, पण ते उभं कसं करतात ते कधीच न बघितलेला, असा इथे एकच माणूस होता."

"हे सगळं हवेतलं झालं," मालक शांतपणे म्हणाले. "आणि खुर्चीचं काय? मिस्त्री म्हणतो, मारणाऱ्याला विमान कळत नव्हतं."

"मिस्त्रीने अर्धंच सांगितलं. हो ना, मिस्त्री?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "गॅरेज मालकांनी काढून दिलं, मॅडम," तो पुटपुटला. "खाल्ल्या मिठाला जागलो."

"हा पायलट नेहमी उजवीकडेच बसायचा. त्याचा उजवा हात खिडकीच्या उन्हाने रापलेला होता, आणि गाडी त्याने जन्मात चालवली नाही. डावी खुर्ची उंच माणसासाठी मागे सारलेली आहे. लायसन्स नसताना विमान दुसरंच कुणी उडवायचं, आणि हा शेजारी बसून सांभाळून घ्यायचा. म्हणून पायलटची खुर्ची म्हटलं की त्या माणसाच्या डोळ्यांपुढे उजवीच यायची. मेलेल्याला त्याने तिथेच नेऊन बसवलं."

"डावीकडे बसलो म्हणून काय मीच उडवत होतो?" मालक उसळून म्हणाले. "मालक होतो मी. समोरचं दिसावं म्हणून बसायचो!"

"काल तर मागे पेपर वाचत होता."

हवालदार न सांगता दोन पावलं त्यांच्याजवळ सरकला.

राखणदार मात्र कुणाकडेच बघत नव्हता. त्याला एकेक गोष्ट हळूहळू समजत होती, आणि ते बघणं बाईंना जड जात होतं. शेवटी तो मालकांसमोर जाऊन उभा राहिला. अंगातला लांब कोट मालकांचाच जुना होता.

"मालक, त्या दिवशी फेरी का नाही घातली?"

"तू बाजूला हो."

"एवढंच सांगा. फेरी का नाही घातली?"

"पाहुणे रिसॉर्टवर ताटकळले होते!" मालक ओरडले. "तो सारखा म्हणत होता, फेरी घाला, फेरी घाला. मी म्हटलं, एकदा नाही घातली तर काय..." ते थांबले. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी तुला काही कमी पडू दिलं का? जन्मभर पोसलं ना?"

"आणि तो पोलिसांत जायला निघाला," बाई म्हणाल्या.

"ऐकतच नव्हता," मालक म्हणाले. "किती समजावलं. म्हणे, तिच्या नवऱ्याला खरं सांगायलाच पाहिजे."

राखणदार बाजूला गेला, गुडघ्यांवर बसला आणि ओकला. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिला. इतकी वर्षं ज्याचं अन्न खाल्लं त्यानेच बायको मारली, हे आता त्याला कळलं होतं. मग त्याने कोट काढून जमिनीवर टाकला. हवालदार मालकांना जीपकडे घेऊन गेला तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

पायलटची बायको त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"वहिनी," तो म्हणाला, "काल मी त्याच्यावर थुंकलो."

"माहितीय. हवालदारांनी सांगितलं."

"तो मला खरं सांगायला निघाला होता, आणि मी थुंकलो."

"मी रोज थुंकत होते," ती म्हणाली. "खळखळून चूळ भरा. उठा आता. त्यांना घरी न्यायचंय."

तिने त्याला हात देऊन उठवलं. व्हॅन सुरू झाली. रस्त्याला लागायचं तर सगळी धावपट्टी ओलांडून जावं लागणार होतं, आणि मध्ये, थेट पिवळ्या फुलीवर, गुरं बसलेली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पण एकही हललं नाही. तो गाडी बाजूने काढायला लागला.

"थांब," बाई म्हणाल्या. "घाई करू नकोस. आधी पट्टी मोकळी होऊ दे."

राखणदाराने काठी उचलली. नुसत्या सदऱ्यावर, दोन्ही हात पसरून, घशातून जुनी हाळी देत तो पट्टीवरून धावत सुटला. मागोमाग पायलटची बायकोही हात पसरून धावली. गुरं उठली, बाजूला झाली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी झाल्यावर त्याने हात वर केला, आणि मग व्हॅन निघाली.